आयरिअल प्रो: जॅझच्या रियाजातला साथीदार, आणि त्याला कामाला कसं लावायचं

आयरिअल प्रो हे अ‍ॅप म्हणजे फोनमध्ये मावणारी रिदम सेक्शन. पियानो, बास आणि ड्रम्स असे तीन साथीदार त्यात बसलेले असतात. गाण्याचे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरगट) दिले, लय ठरवली आणि वाजवण्याचा ढंग निवडला की ते साथ सुरू करतात आणि थांबवेपर्यंत थकत नाहीत. तबल्याच्या रियाजाला लेहरा लागतो, तशी जॅझमध्ये सोलो, म्हणजे गाण्याच्या कॉर्डवर आयत्या वेळी रचलेलं एकट्याचं वादन, शिकणाऱ्याला ही साथ लागते. जॅझच्या सरावासाठी एकच अ‍ॅप घ्यायचं असेल तर हेच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण ते जसं उघडतं तसंच वापरत राहिलं, तर बोटं धावायला लागतात आणि कान मागे राहतात. कोणती सेटिंग कधी लावायची हे समजायला जॅझमधल्या काही संज्ञा पक्क्या माहीत हव्यात, म्हणून हे परीक्षण त्या संज्ञांना धरूनच लिहिलं आहे.

आयफोन, आयपॅड, मॅक आणि अँड्रॉइडवर अ‍ॅप चालतं. ते बनवणारे मासिमो बिओलकाती स्वतः जॅझ बासवादक आहेत आणि ते पडद्यावर दिसतं. चार्ट, म्हणजे गाण्याच्या कॉर्डचा तक्ता, हाताने लिहिल्यासारख्या वळणदार अक्षरात, साधारण एका ओळीत चार बार (बार म्हणजे बहुधा चार मात्रांचा एक खण), अख्खं गाणं बहुधा एका पानात. मायनर कॉर्डसाठी आडवी रेघ, मेजर सेव्हनसाठी त्रिकोण, डिमिनिशसाठी छोटं वर्तुळ, हाफ-डिमिनिशसाठी तेच वर्तुळ तिरकी रेघ मारून. वादक कागदावर जे लिहितात तेच इथे आहे, त्यामुळे इथली सवय मंचावर उपयोगी पडते. अ‍ॅपसोबत नेहमीच्या कॉर्डक्रमांचे ५० सराव-चार्ट येतात. प्रसिद्ध गाण्यांचे चार्ट आधीपासून भरलेले नसतात; वापरकर्त्यांनी तयार केलेल्या याद्या विनामूल्य उतरवून घ्याव्या लागतात. हे काम दोन-चार टिचक्यांचं आहे, पण नव्या माणसाला वाटतं की आपण रिकामं अ‍ॅप विकत घेतलं.

दुसरी गोष्ट खटकते ती म्हणजे चार्टमध्ये चाल नसते. जॅझमध्ये गाण्याच्या मूळ चालीला हेड म्हणतात आणि कॉर्डच्या क्रमाला चेंजेस. अ‍ॅपमध्ये फक्त चेंजेस मिळतात. चालीवर कॉपीराइट असतो, नुसत्या कॉर्डक्रमावर सहसा नसतो. याच मोकळीकीचा फायदा १९४० च्या दशकात बीबॉप या वेगवान जॅझशैलीच्या वादकांनी घेतला: जुन्या गाण्याचे चेंजेस तसेच ठेवून त्यावर नवी चाल बांधली. अशा चालीला कॉन्ट्राफॅक्ट म्हणतात. संगीतकार जॉर्ज गर्श्विनच्या १९३० सालच्या ‘आय गॉट रिदम’च्या कॉर्डवर इतक्या चाली बांधल्या गेल्या, की त्या क्रमालाच ‘रिदम चेंजेस’ हे नाव पडलं. म्हणजे अ‍ॅपमधला बी फ्लॅट पट्टीतला रिदम चेंजेसचा एक चार्ट पाठ झाला की डझनावारी गाण्यांची साथ हाताशी येते. या एका बाबतीत चालीचा अभाव पथ्यावरच पडतो.

एरवी मात्र हेड रेकॉर्डिंगवरून कानाने उचलावं आणि मगच चार्ट उघडावा. आधी साथीवर हेड गुणगुणायचं, मग वाजवायचं, आणि त्यानंतर सोलो. हा क्रम उलटला तर सोलो कोणत्याही गाण्याचा वाटतो, कारण वाजवणाऱ्याच्या मनात कॉर्डची नावं असतात, गाणं नसतं.

फॉर्म: अ‍ॅपची खरी ताकद, आणि तिथलाच धोका

जॅझमध्ये गाण्याचा साचा सोलोभर तसाच फिरत राहतो. त्या साच्याला फॉर्म म्हणतात आणि त्याच्या एका पूर्ण आवर्तनाला कोरस. पॉप गाण्यातल्या कोरसशी याचा संबंध नाही. ‘तू दोन कोरस घे’ याचा अर्थ साचा दोनदा फिरेपर्यंत सोलो तुझा. सगळ्यात जास्त भेटणारा फॉर्म ३२ बारचा एएबीए: ८ बारचा ए दोनदा, मग ८ बारचा बी, आणि पुन्हा ए. मधल्या बी भागाला ब्रिज म्हणतात. मिनिटाला १६० मात्रांच्या लयीत असा एक कोरस ४८ सेकंदांत संपतो. एवढ्या वेळात आपण कुठे आहोत हे न मोजता कळायला हवं.

अ‍ॅपमध्ये चालू बार रंगाने उजळतो. नवीन गाणं शिकताना ही सोय उत्तम. नंतर तीच घात करते, कारण डोळे पडद्यावर असले की कानांना फॉर्म शोधायची गरजच उरत नाही. १९५९ मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने ध्वनिमुद्रित केलेलं ‘सो व्हॉट’ यासाठी चांगली परीक्षा आहे. एएबीएच फॉर्म, पण ए विभागात सगळे आठ बार डी डोरियन (डीपासून डीपर्यंत पियानोच्या पांढऱ्या स्वरांची मालिका), ब्रिजमध्ये सगळे आठ बार अर्धा सूर वर ई फ्लॅट डोरियन. एका कोरसचा शेवटचा ए आणि पुढच्या कोरसचे पहिले दोन ए मिळून सलग २४ बार डी डोरियनच चालतं. कॉर्ड बदलतच नाही, त्यामुळे आठ-आठ बारचे तुकडे अंगात मुरलेले नसतील तर माणूस इथे हरवतोच. पडद्याकडे बघत वाजवणारा कधीच हरवत नाही आणि म्हणून कधीच शिकतही नाही.

उपाय सोपा आहे. कोरसची संख्या चार ठेवा. मिक्सरमध्ये पियानो आणि बास शून्यावर आणा, फक्त ड्रम्स राहू द्या. फोन पालथा घाला आणि वाजवा. तुमचा चौथा कोरस संपला त्याच क्षणी ड्रम्स थांबले, तर फॉर्म तुमच्याकडे आहे. नाही थांबले तर किती फरक पडला ते पाहा, त्यावरून चूक कळते. आठ बारचा फरक असेल तर एखादा ए गाळला किंवा जास्त घेतला. दोन मात्रांचा फरक असेल तर कुठेतरी तिसरी मात्रा पहिली समजली गेली. स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या झुलत्या तालात, हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) दोन आणि चारवर बंद होतो, त्यामुळे बार उलटा धरला तरी कानाला तो तसाच लागतो. ही चूक फार सामान्य आहे आणि ती या एकाच चाचणीत उघडी पडते.

बारा बारचा ब्लूज तसा छोटा, पण त्यातही फॉर्म सुटतो. एफ पट्टीतला जॅझ ब्लूज असा: एफ सेव्हन, बी फ्लॅट सेव्हन, एफ सेव्हन, मग चौथ्या बारमध्ये सी मायनर सेव्हन आणि एफ सेव्हन. पाचवा बी फ्लॅट सेव्हन, सहावा बी डिमिनिश, सातवा एफ सेव्हन, आठवा डी सेव्हन. नववा जी मायनर सेव्हन, दहावा सी सेव्हन. शेवटच्या दोन बारमध्ये एफ सेव्हन, डी सेव्हन, जी मायनर सेव्हन, सी सेव्हन, प्रत्येकी दोन मात्रा. या शेवटच्या दोन बारना टर्नअराउंड म्हणतात. ते साच्याच्या टोकापासून पुन्हा सुरुवातीला आणून सोडतात. नवशिके अकराव्या बारचा एफ ऐकून नवा कोरस सुरू झाला असं समजतात आणि दोन बार पुढे निघून जातात. अ‍ॅपमध्ये नववा ते बारावा बार निवडून तेवढाच लूप करा, आणि अकराव्या बारच्या पहिल्या मात्रेवर मुद्दाम गप्प राहा. वाक्य तिथे संपवायचं नाही, पुढच्या पहिल्या बारमध्ये नेऊन संपवायचं, हे बोटांना शिकवावं लागतं. अ‍ॅपमधल्या सगळ्या सोयींत ही निवडक बार लूप करण्याची सोय मला सगळ्यात मोलाची वाटते.

टू-फाइव्ह-वन आणि आपोआप पट्टी बदलणं

जॅझच्या चेंजेसमध्ये जागोजागी टू-फाइव्ह-वन हा तुकडा दिसतो. पट्टीतल्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या स्वरावरचे कॉर्ड या क्रमाने येतात. सी पट्टीत डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन. प्रत्येक कॉर्डचा तिसरा आणि सातवा स्वर म्हणजे गाइड टोन, आणि कॉर्डची ओळख त्या दोघांत असते. डी मायनरमध्ये ते एफ आणि सी. जी सेव्हनला जाताना एफ जागेवर राहतो आणि सी अर्धा सूर खाली उतरून बी होतो. सी मेजरला जाताना बी जागेवर राहतो आणि एफ उतरून ई होतो. प्रत्येक बदलात एक स्वर स्थिर, दुसरा अर्धा सूर खाली. हे एकदा कानाने ऐकलं की चेंजेस ‘वाजवणं’ म्हणजे काय ते लक्षात येतं: बदलाच्या क्षणी तो उतरणारा स्वर पकडायचा.

अ‍ॅपमध्ये चार बारचा चार्ट बनवा: डी मायनर एक बार, जी सेव्हन एक बार, सी मेजर दोन बार. सरावाच्या सेटिंगमध्ये प्रत्येक आवर्तनाला पट्टी आपोआप बदलायची सोय आहे. तिथे चौथ्याचं अंतर निवडा आणि १२ आवर्तनं ठेवा, म्हणजे बाराही पट्ट्या होतात. अर्ध्या सुराचं अंतर ठेवलं तरी बारा होतात. पूर्ण सुराचं ठेवलं तर सहाच पट्ट्यांत फिरून परत येतं आणि उरलेल्या सहा कधी येतच नाहीत, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. १२० च्या लयीत बारा पट्ट्यांची फेरी ९६ सेकंदांची. पहिल्या फेरीत फक्त गाइड टोन, लांब स्वरांत. दुसऱ्या फेरीत त्यांना जोडणारे आठव्या भागाचे, म्हणजे अर्ध्या मात्रेचे, स्वर. तिसऱ्या फेरीनंतर मोकळं. लय आपोआप वाढवायची सोयही आहे, पण दोन्ही एकदम लावू नका. हात अडला तर पट्टीमुळे अडला की लयीमुळे ते कळत नाही.

ट्रायटोन सब्स्टिट्यूशन, म्हणजे पाचव्या कॉर्डच्या जागी त्याच्यापासून तीन पूर्ण सूर दूरचा कॉर्ड घेणं, ऐकायचं असेल तर एडिटरमध्ये जी सेव्हनच्या जागी डी फ्लॅट सेव्हन लिहा. बास डी, डी फ्लॅट, सी असा अर्ध्या-अर्ध्या सुराने उतरताना ऐकू येतो. दोन्ही कॉर्डचे गाइड टोन तेच, एफ आणि बी, म्हणून अदलाबदल चालते. मात्र हेडमध्ये त्या जागी कोणता स्वर आहे ते पाहा. जी असेल तर नव्या कॉर्डवर तो खुलतो. डी असेल तर डी फ्लॅटला अर्ध्या सुराने घासतो. सोलोमध्ये ही काळजी कमी लागते: साथ जी सेव्हनच वाजवत असताना तुम्ही डी फ्लॅट सेव्हनचे स्वर वाजवले तर कान त्यांना जी सेव्हनवरचे ताणलेले स्वर म्हणून घेतो. फक्त सी मेजरवर वेळेत उतरा.

प्रत्येक कॉर्डखाली कोणतं स्केल (स्वरमालिका) वाजवावं हे दाखवायचीही सोय अ‍ॅपमध्ये आहे. ती बंद ठेवावी, असं मी आग्रहाने सांगेन. सुचवलेली स्केल चुकीची नाहीत, पण १६० च्या लयीत एक बार दीड सेकंद टिकतो. बारमध्ये दोन कॉर्ड असतील तर प्रत्येकाला पाऊण सेकंद. तेवढ्यात नाव वाचून, स्केल आठवून, स्वर निवडून वाजवणारा माणूस कॉर्ड बदलला रे बदलला की नव्या स्केलच्या पायरीवर उडी मारतो आणि वाक्य तुटतं. संथ गाण्यात एखादा अनोळखी कॉर्ड आला, अल्टर्ड किंवा हाफ-डिमिनिश, तर चालवून पाहावी आणि पुन्हा बंद करावी.

मिक्सर, स्विंग आणि साथ

स्विंगमध्ये एका मात्रेचे दोन भाग समान नसतात. पुस्तकी नियम पहिला भाग दुसऱ्याच्या दुप्पट लांब, असा आहे. प्रत्यक्षात लयीप्रमाणे ते बदलतं: संथ लयीत फरक वाढतो, द्रुत लयीत दोन्ही भाग जवळजवळ सारखे होतात. २५० च्या लयीत कुणी दुप्पट लांबीचा हिशेब धरून वाजवू लागला तर ते लंगडत चालल्यासारखं ऐकू येतं. अ‍ॅपमध्ये स्विंगचे वेगवेगळे ढंग आहेत ते याचसाठी. स्लो, मीडियम, मीडियम अप, अप टेम्पो. लयीचा आकडा वाढवला आणि ढंग मीडियमच ठेवला तर साथ कृत्रिम वाटू लागते. तक्रार करणाऱ्या बऱ्याच जणांनी ढंग बदललेलाच नसतो. दोनशेच्या पुढे गेलात की ढंगही बदला.

‘स्विंग टू/फोर’ नावाचा ढंग जरूर ऐका. टू-फील म्हणजे बास बारमध्ये मुख्यतः एक आणि तीनवर दोनच स्वर वाजवतो. हेडला जागा मिळते. सोलो सुरू झाला की तो फोर-फीलला जातो, चारही मात्रांवर स्वर. याच चालत्या बासला वॉकिंग बास म्हणतात. तो कसा बांधतात हे ऐकायला पियानो बंद करा. नमुना असा: डी मायनरवर डी, एफ, ए, ए फ्लॅट, जी सेव्हनवर जी, बी, डी, डी फ्लॅट, मग सी. पहिल्या मात्रेवर कॉर्डचा मूळ स्वर, चौथ्या मात्रेवर पुढच्या मूळ स्वराच्या अर्धा सूर वर किंवा खाली. बास वाजवणाऱ्यांनी अ‍ॅपमधला बास बंद करून हे लिहून काढावं आणि मग न बघता वाजवावं.

पियानो किंवा गिटार वाजवणाऱ्यांनी अ‍ॅपमधला पियानो बंद करायलाच हवा. सोलोमागे कॉर्डची तुटक, तालबद्ध साथ देण्याला कॉम्पिंग म्हणतात, आणि दोन जण एकाच उंचीच्या स्वरांत कॉम्पिंग करू लागले की गढूळ होतं. पियानोवर डाव्या हाताला मूळ स्वर वगळून व्हॉइसिंग घ्या, म्हणजे स्वरांची मांडणी अशी: डी मायनरला एफ, ए, सी, ई, जी सेव्हनला एफ, ए, बी, ई, सी मेजरला ई, जी, बी, डी. मूळ स्वर बास सांभाळतो आणि हात जागचा फारसा हलत नाही. तालासाठी पहिली मात्रा आणि दोन व तीनच्या मधली अर्धी मात्रा, एवढ्या दोन जागांपासून सुरुवात करा. याला चार्ल्सटन म्हणतात. गिटारवाल्यांसाठी काउंट बेसीच्या वाद्यवृंदातल्या फ्रेडी ग्रीनची पद्धत उत्तम शाळा आहे: बारच्या चारही मात्रांवर छोटा, कोरडा ठोका. सहाव्या तारेवर मूळ स्वर, चौथीवर सातवा, तिसरीवर तिसरा, पाचवी तार बोटाने दाबून मुकी ठेवायची. सहाव्या तारेचा जोर इतका कमी ठेवायचा की बासला धक्का लागू नये.

बोसा नोव्हा (ब्राझीलची शैली) आणि लॅटिन ढंग ठीक आहेत. तिथे आठव्या भागाचे स्वर सरळ, समान वाजवायचे, एवढं पाळलं की पुरे.

जे या अ‍ॅपला येत नाही

ते ऐकत नाही. सगळा फरक इथे आहे. तुम्ही आवाज खाली आणलात तर ड्रमर ब्रशवर जात नाही. तुम्ही एखादी तालाची आकृती तीनदा वाजवलीत तर पियानो ती उचलत नाही. सोलो कळसाला गेला तरी साथ पहिल्या कोरससारखीच. त्यामुळे फक्त याच्यावर वाढलेला वादक सतत वाजवत राहतो, श्वास सोडत नाही, कारण गप्प राहिल्यावर समोरून काही येतच नाही. प्रत्येक चार बारमधला एक बार रिकामा ठेवायचा, असा नियम घालून घेतला तर ही सवय मोडते.

ट्रेडिंग फोर्सचंही तसंच. सोलोवादक चार बार, मग ड्रमर एकटा चार बार, अशी आळीपाळी असते, आणि ती फॉर्मच्या आतच चालते. अ‍ॅपचा ड्रमर उत्तर देत नाही. तरी त्यातला अवघड अर्धा भाग इथे साधता येतो: तुम्ही चार बार वाजवा, चार बार मनात हेड गात थांबा, आणि नवव्या बारच्या पहिल्या मात्रेवर बरोबर शिरा. मंचावर नेमके इथेच लोक उशिरा येतात.

बॅलड, म्हणजे संथ लयीचं गाणं, या अ‍ॅपवर शिकू नये, असं माझं मत. बॅलडच्या सुरुवातीला अनेकदा रुबाटो असतो, म्हणजे लय मोकळी सोडलेली, आणि अ‍ॅपची लय ठोक्याला बांधलेली. डबल-टाइम फील मात्र समजून घेता येतं: कॉर्ड तितकाच वेळ टिकतात, फक्त बास आणि ड्रम्स दुप्पट चालीने धावल्यासारखे वाटतात. याउलट खऱ्या डबल टाइममध्ये फॉर्मच दुप्पट वेगाने संपतो. बॅलड डबल टाइम स्विंगचा ढंग साध्या बॅलड स्विंगशेजारी ठेवून ऐका, त्यातली दुप्पट चाल कानाला कळते.

उतरवलेल्या चार्टवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. ते हौशी-व्यावसायिक सगळ्यांनी भरलेले असतात. दोन जागा आधी तपासा: ब्रिजचा शेवट आणि दुसऱ्या आवर्तनाचा वेगळा शेवट. चुका तिथेच राहतात. काही वेळा ती चूक नसते, त्या वादकाने पसंत केलेला सब्स्टिट्यूट कॉर्ड असतो. रेकॉर्डिंगमधल्या बासचा पहिल्या मात्रेवरचा स्वर ऐका, बहुतेक शंका तिथेच फिटते. दुरुस्ती एडिटरमध्ये करता येते; मूळ चार्ट तसाच ठेवून प्रत बनवा.

ट्रम्पेट, टेनर किंवा ऑल्टो सॅक्सोफोन वाजवणाऱ्यांसाठी एक इशारा; या वाद्यांवर लिहिलेला स्वर पियानोच्या त्याच नावाच्या स्वराहून वेगळा वाजतो. वाद्याप्रमाणे चार्ट बदलून दाखवण्याची सेटिंग सगळ्या गाण्यांना एकदाच लावायची असते. तिच्यात फक्त पडद्यावरचे कॉर्ड बदलतात, साथ मूळ पट्टीतच राहते. एफ ब्लूज टेनरला जीमध्ये दिसेल, ऑल्टोला डीमध्ये. त्याऐवजी गाण्याचीच पट्टी बदललीत तर साथही सरकते, आणि तुम्ही व साथ दोन वेगळ्या पट्ट्यांत वाजू लागता.

ऐकण्याच्या साधनाकडे लोक लक्षच देत नाहीत. फोनच्या स्पीकरवर बासचे खालचे स्वर ऐकूच येत नाहीत, आणि बास ऐकू आला नाही तर या अ‍ॅपचा निम्मा उपयोग गेला. तारेचे हेडफोन किंवा बरा स्पीकर वापरा. ब्लूटूथ टाळा: आवाज थोडा उशिरा पोहोचतो, आणि साथीसोबत स्वतःला ध्वनिमुद्रित करायची अ‍ॅपमधली सोय वापरली तर तुम्ही मात्रेच्या मागे वाजवत आहात असं ऐकू येतं. ती सोय एरवी फार चांगली आहे. आठवड्यातून एकदा दोन कोरस ध्वनिमुद्रित करा आणि फक्त एवढंच ऐका: वाक्यं कुठे सुरू होतात? सगळी पहिल्या मात्रेवर सुरू होत असतील तर पुढच्या आठवड्याचं काम ठरलं.

जॅम सेशनला, म्हणजे वादक जमून आयत्या वेळी एकत्र वाजवतात तिथे, जाताना फोन खिशातच ठेवा. तिथे गाणं ठरवताना चार गोष्टी सांगतात: नाव, पट्टी, लय, ढंग. मग हेड, सोलो, ट्रेडिंग, आणि कुणी डोक्यावर हात ठेवला की परत हेड. शेवटी बहुधा टॅग (शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा वाजवून केलेला समारोप) येतो आणि अ‍ॅपवर तयार झालेले वादक इथे हमखास अडकतात, कारण चार्टमध्ये तो लिहिलेला नसतो. तो स्वतः लिहून घ्या, बारा बारचा वेगळा चार्ट म्हणून. सी पट्टीत: डी मायनर, जी सेव्हन, ई मायनर, ए सेव्हन, प्रत्येकी एक बार, हेच चार बार पुन्हा, तिसऱ्यांदा डी मायनर, जी सेव्हन आणि मग दोन बार सी मेजर. हेडचं शेवटचं वाक्य तिन्ही वेळा वाजवायचं. पहिल्या दोन वेळा त्याचा शेवट ई मायनरवर लटकता ठेवायचा आणि तिसऱ्यांदाच सीवर बसवायचा. दुसऱ्या फेरीत चुकून सीवर बसलात तर ड्रमर गाणं संपवून टाकतो आणि बास मात्र ए सेव्हनकडे निघालेला असतो.